वाट दिली, वाट घेतली

"मुद्दाम केलंत तुम्ही!"

"मुद्दाम? मी? अगं, तीस वर्षं झाली मला या लाइनीवर..."

"तीस वर्षांचं राहू द्या, बाबा. आज सकाळचं बोला."

"आज सकाळी तुझा आरसा वाकडा होता."

"आरसा गेला खड्ड्यात!"

"खड्ड्यात कसला जातोय? पुढच्या वळणावर खांबाला घासला असता."

"बघितलंस, आई? अजून आरशावरच आहेत हे! सबंध लाइन ठप्प झाली, माझा पहिला दिवस मातीत गेला, आणि यांचं आपलं आरसा, आरसा, आरसा!"

आईने इस्त्री उभी केली. डेपोतल्या चालकांचे आणि कंडक्टरांचे शर्ट ती घरी इस्त्रीला घेत असे, त्यामुळे स्वयंपाकघराच्या अर्ध्या भागात कायम गणवेश टांगलेले असत. हात नसलेली, डोकी नसलेली, पण कडक शिस्तीची माणसं. त्या निळ्या फौजेसमोर बाप-लेकीचं भांडण रंगलं होतं, आणि दोघांच्या अंगावरही तेच निळे शर्ट होते.

"आधी ते शर्ट काढा दोघं," आई म्हणाली. "भांडून भांडून कॉलरी काळ्या करता, आणि घासायच्या मी. शोभतं का? दोघांना मिळून एवढंसं दांडकं सांभाळता येईना, आणि निघाले गाड्या चालवायला!"

सगळं घोडं त्या दांडक्यापाशीच अडलं होतं.

शहराच्या पोटातून निघालेली ही ट्राम मोठ्या चौकापर्यंत ऐटीत दुहेरी रुळांवरून धावते. पुढे उपनगर सुरू झालं की एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या भिंती तिला चेपत आणतात. मग जागा पुरते ती एकाच रुळापुरती. जाणारी गाडी त्याच रुळावरून जाणार, येणारीही त्याच रुळावरून येणार. हा एकेरी पट्टा जिथे सुरू होतो, तिथे गाड्यांना एकमेकींच्या शेजारून निघता यावं म्हणून थोडे जादा रूळ टाकलेले आहेत. त्या जागेला लाइनीवर सगळे 'बगल' म्हणतात. आणि टेकडीवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून एक साधी युक्ती चालत आलेली आहे: लाल रंगाचा एक लाकडी दांडा. टोकाला पितळेची कडी, लांबी हातभर. सबंध लाइनीत असा दांडा एकच. तो ज्याच्या केबिनमध्ये, त्यालाच एकेरी रुळावर जायची मुभा. टेकडीवरून खाली आलेल्याने तो बगलेत समोरच्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "वाट दिली." समोरच्याने तो धरायचा आणि म्हणायचं, "वाट घेतली." तोवर कुणीही हलायचं नाही. आता दिवे आले, फोन आले, पण दांडा गेला नाही. दिवा जातो, फोन लागत नाही. दांडा हातात असतो, नाहीतर नसतो.

आणि आज सकाळी बापाने तो दांडा लेकीला दिला नव्हता. स्वतःच्याच केबिनमध्ये ठेवून तो तसाच शहराकडे निघून गेला होता.

हे दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर लोक चार दिवस हसले असते आणि विसरले असते. पण झालं ते सावकाशरावांच्या हातून. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. प्रत्येक थांब्यावर गाडी टेकली की केबिनमधून मान वळवून ते उतरणाऱ्यांना म्हणायचे, "सावकाश हं, सावकाश." म्हाताऱ्यांना म्हणायचे, शाळेच्या पोरांना म्हणायचे. एकदा तर थांब्यावर उडी मारून उतरलेल्या कुत्र्यालाही म्हणाले होते. मग नाव पडायला कितीसा वेळ लागतो? ऐन तारुण्यातच ते सावकाशराव झाले, आणि पुढे केस पिकले, पोट किंचित सुटलं, तसे ते त्या नावात अगदी मापात बसले. हाताखाली शिकलेली निम्मीअधिक चालकमंडळी त्यांना गुरू मानायची. टेकडीच्या उतारावर ब्रेक कसा चिमटीत धरायचा, पानगळीत रूळ निसरडे झाले की वाळू केव्हा सोडायची, हे त्यांनी परक्यांच्या पोरांना घसा फोडून शिकवलं.

घरच्या पोरीला मात्र शिकवलं नाही.

लेक आधी त्याच लाइनीवर कंडक्टर होती. तिकिटांची पिशवी गळ्यात अडकवून गाडीभर फिरायची आणि डोळे सारखे पुढच्या केबिनकडे. "बाबा, मला एकदा हँडल धरू द्या ना," असं ती म्हणाली की सावकाशरावांचं उत्तर ठरलेलं: "बघू." त्या 'बघू'ला कंटाळून तिने परस्पर अर्ज केला, दुसऱ्या डेपोत जाऊन शिकून आली, परीक्षा पास झाली, आणि नेमणूक मिळाली ती नेमकी बापाच्या लाइनीवर. ते कळताच सावकाशराव पाळ्या लावणाऱ्या कारकुनाकडे गेले आणि हळूच म्हणाले, "तिला दुसरीकडे कुठे टाकता आलं तर बघा." हळूच म्हणाले खरे, पण शेजारी भोंगा उभा होता. भोंगा म्हणजे त्याच लाइनीवरचा आणखी एक चालक. त्याच्या कानात पडलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाइनीच्या दोन्ही टोकांना पोचते. लेकीपर्यंतही पोचली.

म्हणून तर 'मुद्दाम' हा शब्द आला होता.

"चौकात पाण्याची बाटली घ्यायला वर हात केला," सावकाशराव आता बायकोला समजावत होते, "तर बाटलीशेजारी खुंटीला दांडा! काढायचा राहून गेला गं. विसरलो. माणूस विसरत नाही का?"

"तुम्ही? विसरलात?" लेक म्हणाली. "तुम्हाला चुलतआजीच्या लग्नातले पाहुणे आठवतात!"

"मग तू का नाही मागितलास? घेणाऱ्याने मागायचा असतो. नियमच आहे."

"देणाऱ्याने दिल्याशिवाय हलायचं नसतं. हाही नियमच आहे."

हेच खरं दुखणं होतं. उद्या सकाळी डेपोच्या मोठ्या बाईंनी दोघांना समोर बोलावलं होतं. लेक अजून कच्च्या नोकरीवर होती. तिने मागितला नाही असं ठरलं, तर परत गळ्यात तिकिटांची पिशवी, आणि पुन्हा केबिनचं दार कधी उघडेल ते देवालाच ठाऊक. आणि त्यांनी दिला नाही असं ठरलं, तर सावकाशरावांच्या कोऱ्या करकरीत कारकिर्दीवर उतरत्या काळात डाग. बाई कडक होत्या, हँडलही काढून घेतलं असतं. त्या वेळी दोघांच्या केबिनमध्ये तिसरं माणूस नव्हतं. सावकाशराव जे सांगतील तेच डेपो खरं मानणार, हे लेकीला माहीत होतं, आणि त्यांनाही.

"माझे कान किटले," आई म्हणाली. "तोंडाने नका सांगू. करून दाखवा."

"काय करून दाखवा?"

"सकाळी काय झालं ते. ही खुर्ची तुमची गाडी. ती खुर्ची तिची. बसा."

"अगं, पोरखेळ आहे का?"

"बसा म्हटलं ना?"

बसले. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, तोंडं उलट दिशांना, जशा बगलेत दोन गाड्या उभ्या राहतात. आईने ओट्यावरचं लाटणं उचलून नवऱ्याच्या हातात कोंबलं. "हा दांडा. आणि मी प्रवासी." कुशीत शर्टांचा गठ्ठा घेऊन ती मधोमध उभी राहिली.

"मी टेकडीवरून आलो," सावकाशराव अवघडून म्हणाले. "थांबलो."

"घंटा नाही वाजवलीत?" आईने विचारलं.

"वाजवली."

"मग वाजवा की."

सावकाशरावांनी पायाने फरशीवर ठण्‌ ठण्‌ केलं. लेकीला हसू आलं, ते तिने गालातच दाबलं.

"मी समोरून आले," ती म्हणाली. "तुमच्या खिडकीला खिडकी लावून उभी केली. झोकात."

झोकात केली होती खरी. सावकाशरावांना ते आत्ताही डोळ्यांसमोर दिसत होतं. गाडी अशी अलगद टेकली होती की आतल्या उभ्या माणसांचे गुडघेसुद्धा वाकले नसतील. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी एक वाक्य घोळवून ठेवलं होतं. दांडा देताना म्हणायचं, 'शाब्बास, ठमे.' बस्स. लहानपणी ठमी म्हणायचे ते तिला. दाढी करताना ते त्यांनी आरशात म्हणूनही पाहिलं होतं. पण खिडकीला खिडकी लागली, निळ्या टोपीखालचं तिचं तोंड दिसलं, आणि तोंडून भलतंच निघालं.

"आरसा," खुर्चीतले सावकाशराव म्हणाले.

"काय?" खुर्चीतली लेक म्हणाली.

"आरसा वाकडाय तुझा."

"मला दिसतंय त्यातून."

"काय दिसतंय? आभाळ?"

"इथे प्रवासी हसले असणार," आई म्हणाली.

"खदाखदा! माझ्याच गाडीतले. आणि मग मी म्हणाले, बाबा, ही गाडी आता माझी आहे. तुम्ही तुमची बघा."

"आणि मी म्हणालो, अगं, तो आरसा बघ तो..."

असं म्हणत सावकाशरावांनी हातातल्या लाटण्याने लेकीच्या डोक्याशेजारच्या हवेत, जिथे आरसा असायला हवा तिथे, टोकदार खूण केली.

लेक एकदम ताठ झाली. "थांबा! तुमच्या हातात होता तो."

"काय?"

"दांडा. तुम्ही दांड्यानेच दाखवलात मला आरसा. कडी चमकली ना! काढायचा राहिला नव्हता, बाबा. तुम्ही काढला होता."

सावकाशराव हातातल्या लाटण्याकडे बघत राहिले. मग त्यांचा डावा हात उठला. तो त्यांनी उचलला असं म्हणता येणार नाही. हात उठला. डोक्यावर, किंचित मागे, जिथे केबिनमध्ये खुंटी असते तिथे गेला. स्वयंपाकघरात तिथे शर्टांची दोरी होती. हाताने लाटणं दोन शर्टांच्या मधे अलगद अडकवलं, आणि खाली येऊन नसलेलं हँडल धरलं.

तिघंही त्या लोंबणाऱ्या लाटण्याकडे बघत होते.

बगलेत आलेला चालक दांडा खुंटीवरून काढतो तो द्यायलाच. परत खुंटीला अडकवतो तो फक्त ज्याला वाट स्वतःपाशी ठेवायची आहे तो. हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"विसरलो नाही मी," सावकाशराव म्हणाले. स्वतःशीच म्हणाले. "हाताला... द्यायचा नव्हता."

लेकीने तोंड उघडलं. दिवसभर तिला हेच तर ऐकायचं होतं. 'बघा, म्हटलं नव्हतं?' असं म्हणायला ती सकाळपासून कमरेला पदर खोचून बसली होती, आणि आता तेच तिला म्हणवेना. बापाचा चेहरा असा झाला होता, की जणू थांबा यायच्या आधीच कुणी त्यांना गाडीतून उतरवलंय.

"मी उद्या सांगेन की मी मागितला नाही," ती म्हणाली. "ते खरंच आहे. रागाच्या भरात ब्रेक सोडला मी. चाक एक वीतभर फिरलं, तेव्हा लक्षात आलं की हात मोकळा आहे."

"मग?"

"मग काय? दाबला ब्रेक आणि उभी राहिले. तुम्ही चौकातून परत पाठवलेला दांडा घेऊन भोंगाकाकांची गाडी येईपर्यंत. लोक नुसते ओरडत होते. अहो बाई, समोर रस्ता मोकळा आहे, आत्ताच तर तिकडून गाडी आली, आता काय मुहूर्त बघताय? एकजण म्हणाला, पोरीला चढ चढायची भीती वाटत असेल. एका आजीबाईंनी मला अर्धं बिस्किट दिलं. दया आली असेल."

"खाल्लंस?"

"खाल्लं."

"चांगलं केलंस," सावकाशराव म्हणाले, आणि उठून शर्ट बदलायला आत गेले. आईने दोरीवरून लाटणं काढलं, पुसलं, ओट्यावर ठेवलं आणि इस्त्री पुन्हा गरम करायला लावली. उद्यासाठी दोन शर्ट हवे होते. तिने दोन्हींच्या कॉलरी सारख्याच मेहनतीने दाबल्या.

सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत बसायला एकच खुर्ची होती आणि तीवर बाई होत्या. त्या स्वतः एके काळी हँडलवर होत्या. अजून बोलताना त्यांचा उजवा पाय टेबलाखाली घंटेवर असल्यासारखा हलायचा. दाराबाहेर भोंगा बुटाची नाडी बांधत होता. आल्यापासून एकच नाडी बांधत होता.

"बोला," बाई म्हणाल्या. "कुणी दिला नाही की कुणी मागितला नाही?"

"मी मागितला नाही," लेक घाईघाईने म्हणाली.

"तू गप्प बस गं," सावकाशराव म्हणाले. "बाई, मी दिला नाही."

"विसरलात?"

'हो' म्हटलं की संपलं असतं. सावकाशराव विसरले, वय झालं, असं म्हणून बाईंनी समजून घेतलं असतं. सगळ्यांनीच घेतलं असतं. शब्दही हलकाफुलका होता, ओठांवरच होता.

"नाही," सावकाशराव म्हणाले. "काढला होता द्यायला. परत खुंटीला अडकवला. मीच. जाणूनबुजून नव्हे, पण चुकूनही नव्हे. पोरगी माझ्या लाइनीवर आली, आता मी कुठे जायचं, असं काहीतरी त्या हाताच्या डोक्यात असेल. हाताला डोकं नसतं म्हणा."

बाहेर नाडी बांधणं थांबलं.

"आणि ही?" बाईंनी हनुवटीने लेकीकडे खूण केली.

"तिने मागितला नाही, हे खरं. मी भांडत असताना कसा मागणार? पण दांडा नाही म्हटल्यावर ती हलली नाही, बाई. समोर रस्ता रिकामा दिसत होता, गाडीभर लोक बोंबलत होते, पहिला दिवस होता, तरी हलली नाही. मी इतक्यांना शिकवलं. ते कसं शिकवायचं हे मला अजून कळलेलं नाही."

लेक भिंतीवरच्या जुन्या नकाशाकडे बघत होती. नकाशात वाचण्यासारखं काही नव्हतं, तरी ती फार बारकाईने वाचत होती.

बाईंचा पाय टेबलाखाली दोनदा आपटला. "ऐका. तू आजपासून परत तुझ्या गाडीवर. पण महिनाभर माझं लक्ष राहील, आणि पुढच्या वेळी बाप असो की आणखी कुणी, आधी दांडा मागायचा, मग भांडायचं. सावकाशराव, तुमचं हँडल मी काढून घेतेय. किती दिवस, ते आत्ता सांगत नाही. बगलेत एक माणूस उभा करायचाय मला, या हातातला दांडा त्या हातात द्यायला, म्हणजे असला तमाशा परत व्हायला नको. तिथे उभे राहाल?"

सावकाशरावांना एकदम पायाखालची जमीन जाणवली. इतकी वर्षं ती हलती होती.

"राहीन," ते म्हणाले.

दुपारपर्यंत सगळ्या लाइनीला बातमी लागली. सावकाशरावांनी लाइनीची वाट लावली म्हणून वाटेवर उभे केलेत, असं भोंगा प्रत्येक थांब्यावर सांगत गेला. बगलेतली माणसं मात्र वेगळंच बघत होती. रुळांच्या मधल्या अरुंद फलाटावर सावकाशराव कडक इस्त्रीच्या शर्टात उभे होते. जमिनीवरून गाडी भलतीच उंच दिसते, चाकं भलतीच मोठी, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. पहिल्या दोन-चार गाड्यांच्या वेळी मान वर करून दांडा देताना त्यांचे कान लाल झाले. शिष्यच होते समोरचे. पण मग सवयीने तोंड चालू झालं. "सावकाश हं. सावकाश." आणि उतरणारी माणसं, जी आजवर त्यांची नुसती पाठ आणि टोपी ओळखत होती, ती थांबून त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणू लागली, "अरे, ते तुम्हीच होय?"

टेकडीवरून गाडी उतरली. त्यांनी दांडा घेतला. आणि शहराकडून लेकीची गाडी वळणावर दिसली.

ती आली, आणि कालच्यासारखीच अलगद टेकली. खिडकीची काच खाली सरकली. निळ्या टोपीखालचं तेच तोंड. गाडीतले काही जण कालचेच असावेत, कारण माना खिडक्यांतून बाहेर निघाल्या होत्या, आज काय खेळ आहे म्हणून.

"दांडा," ती आधी म्हणाली.

सावकाशरावांनी हात वर केला. पितळेच्या कडीकडून तिने धरला, लाकडाकडून त्यांनी. "वाट दिली," ते म्हणाले.

"वाट घेतली."

हात तसाच राहिला.

"बाबा, सोडा की आता."

"हो, हो. सोडतो." सोडला. मग मान वर करून, घाईघाईने, गाडी सुटायच्या आत उरकायला हवं तसं ते म्हणाले, "शाब्बास, ठमे."

कुणीतरी मागच्या खिडकीतून टाळी वाजवली. लेकीचा चेहरा उजळला, मग गोंधळला, मग तिने दांडा खुंटीला अडकवला आणि खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

"बाबा, एक खरं सांगा. काल आरसा खरंच वाकडा होता?"

सावकाशरावांनी आरशाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली, आणि पाठ फिरवून फलाटाच्या टोकाकडे, पुढच्या गाडीची वाट बघायला, अगदी सावकाश चालत निघून गेले.